नॅरोबोट गरम ठेवायची आहे ना? मंदारला पत्र

ब्रॉन्स्टन, ऑक्टोबर

प्रिय मंदार,

नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांत चालणारी अरुंद बोट घेतलीस, अभिनंदन! 57 फुटांची, आतून जेमतेम 6 फूट रुंद स्टीलची केबिन, आणि इंग्लंडचा हिवाळा तोंडावर. स्वस्तात काय बसवू, असं तू विचारलंयस. पण त्याआधी प्रत्येक यंत्राला एक प्रश्न विचार: जळल्यावर निघणारी वाफ आणि वायू कुठे जातात? सगळं बाहेर जात नसेल, तर ते यंत्र फुकट मिळालं तरी बोटीत आणू नकोस.

म्हणून चाकांवरचा, मागे सिलिंडर ठेवायचा गॅस हीटर बाद. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्येच राहतं. ती वाफ थंड स्टीलला लागली की पाणी होतं, मग अस्तराच्या फळ्यांमागे बुरशी आणि गंज. शिवाय कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणसं दगावतात, तो हाच वायू. त्याला ना वास, ना रंग. वारा लागतो म्हणून व्हेंटमध्ये बोळे कोंबणारे लोक भेटतील, त्यांचं मुळीच ऐकू नकोस.

विजेचा हीटर कायमच्या धक्क्यावर, किनाऱ्याची वीज असेल तरच. 2 किलोवॉटचा हीटर जवळपास 9 अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याच वेळी किटली लावली की कमी क्षमतेच्या जोडणीवर ब्रेकर पडतो. बॅटरीवर तर विसरच. 100 अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे सुमारे 600 वॉट-तास. हा हीटर ती कागदावरसुद्धा 18 मिनिटांत संपवतो.

डिझेल हीटर सोयीचा आहे, सकाळी बटण दाबलं की दहा-पंधरा मिनिटांत ऊब. वेबास्टो आणि एबरस्पॅखर या कंपन्यांचे महाग आहेत. ऑनलाइन मिळणारे स्वस्त हीटर गाड्यांसाठी बनवलेले असतात, आणि घोळ त्यांच्या धुराच्या पाइपात असतो. सोबतच्या सायलेन्सरच्या जोडातून वायू गळतो. गाडीखाली, उघड्यावर ते चालून जातं. बोटीत तोच पाइप इंजिनच्या खोलीतून जातो आणि गळलेलं सगळं केबिनमध्ये शिरतं. म्हणून पूर्ण वायुबंद मरीन सायलेन्सर घे, पाइपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळ आणि बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीपासून निदान 25 सेंटिमीटर वर काढ. सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, काही मिनिटं 10 अँपिअरच्या आसपास खेचतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं, डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते. सतत मंद ठेवल्यानेही तेच होतं, म्हणून रोज अर्धा तास पूर्ण जोरात चालव.

गॅस बॉयलर स्वच्छ जळतो, पण हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा रूम-सील्ड प्रकारच हवा. सिलिंडर प्रोपेनचा घे, कारण थंडी शून्याच्या आसपास गेली की ब्युटेनचा वायूच होत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळला की बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचं भोक बाहेर पाण्याकडे उघडं राहिलंच पाहिजे.

माझं मत विचारशील तर मुख्य ऊब सॉलिड फ्युएल, म्हणजे लाकूड-कोळशाच्या स्टोव्हची. तो कोरडी उष्णता देतो आणि वीज मागत नाही. तुझ्या बोटीचं इन्सुलेशन ठीक असेल तर 4 ते 5 किलोवॉटचा पुरे, मोर्सो कंपनीच्या स्क्विरल मॉडेलएवढा. मोठा घेतलास की उकाडा होतो, मग माणूस हवा कमी करतो, आग कोंडते, डांबर धरतं, आणि वायू मागे फिरायची शक्यता वाढते. बोटीचं धुराडं मुळातच आखूड असतं आणि ओढ कमी, त्यामुळे इथे हे घरापेक्षा लवकर घडतं.

पैसे स्टोव्हपेक्षा बसवण्यात घाल. बीएस 8511 ही त्याची ब्रिटिश संहिता आहे, काम करणाऱ्याला ती माहीत आहे का ते आधी विचार. स्टोव्ह जमिनीला बोल्टने पक्का हवा, लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली न्यायच्या कालव्यातल्या दारबंद टाकीत, बोट आदळते. टाइल्सच्या मागे एमडीएफ किंवा प्लायवुड नको, कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड आणि त्यामागे हवेची फट ठेव. टाइल जळत नाही, पण तिच्या मागचं लाकूड महिनोन्महिने भाजून काळं पडतं आणि कमी तापमानालाही पेट घेऊ लागतं. धुराडं स्टोव्हच्या तोंडापेक्षा कुठेही अरुंद नको. आतला उघडा पाइप लाकडापासून त्याच्या व्यासाच्या तिप्पट दूर, म्हणजे 125 मिलिमीटरला 375. उत्पादकाने जास्त अंतर सांगितलं असेल तर तेच पाळ. छतातून जाताना दुहेरी भिंतीचा इन्सुलेटेड पाइप वापर आणि छतावरच्या त्याच्या कड्याला (कॉलरला) उष्णतारोधक लवचीक सीलंट लाव. तिथे फायर सिमेंट थरथरीने तडकतं.

इंग्लंडमध्ये घरगुती जळणासाठी साधा कोळसा विकायला 1 मे 2023 पासून बंदी आहे, तेव्हा स्मोकलेस, म्हणजे कमी धुराचं तयार इंधनच घे. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या आत असावी. ओलं लाकूड आणि स्मोकलेस एकत्र जाळू नकोस, वाफ आणि गंधकाचं आम्ल होऊन पाइप खातं. स्मोकलेसला हवा जाळीखालून लागते, म्हणून राख रोज काढ. राख जाळीला टेकली की जाळी वाकते. स्टोव्हच्या दाराची फट बंद करणारी दोरी सैल झाली का, ते कागद अडकवून बघ, सहज निसटला तर बदल. स्टोव्हच्या आतली वरची आडवी पट्टी काढून धुराडं ब्रशने झाडत राहा, कडक थंडीत आठवड्याला. रात्री हवा कमी कर, पण पूर्ण बंद नाही. आणि काढलेली राख विझलेली दिसली तरी वायू सोडत असते. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून ताबडतोब बाहेर ठेव, केबिनमध्ये एक रात्रही नाही.

खर्चाचं गणित सोपं आहे. स्मोकलेसचं 25 किलोचं पोतं, 13 किलोचा प्रोपेन सिलिंडर आणि साधारण 18 लिटर डिझेल, तिन्हींतून यंत्रात वाया जाणारी उष्णता वजा जाता जवळपास सारखीच, 140-150 युनिट ऊब मिळते. जवळच्या फ्युएल बोटीकडे, म्हणजे कालव्यावर इंधन विकणाऱ्या बोटीकडे, तिन्हींचे भाव विचार आणि ताडून बघ. बहुतेक वेळा सिलिंडर सर्वांत महाग निघतो. लाल डिझेल, म्हणजे कमी कराचं रंगवलेलं डिझेल, घेताना हीटिंगचा वाटा वेगळा सांग, त्यावर कर कमी लागतो. डिझेलच्या भावात मात्र बॅटरीची वीज आणि दुरुस्ती धरलेली नसते.

अलार्मवर काटकसर नको. राहायची केबिन असलेल्या बोटींना 1 एप्रिल 2019 पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये, म्हणजे तिथल्या बोटींच्या सुरक्षा तपासणीत, कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा आहे, आणि ते प्रमाणपत्र दर 4 वर्षांनी लागतं. अलार्मवर बीएस ईएन 50291-2 लिहिलेलं बघून घे. एक स्टोव्हपासून 1 ते 3 मीटरवर उंच, छतापासून 15 सेंटिमीटर खाली, दुसरा झोपायच्या जागी उशीच्या उंचीला. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर सर्दी समजू नकोस. आधी बाहेर पड, मग डॉक्टर. वायू कुठून आला याची शोधाशोध नंतर.

स्टोव्हची जागा ठरली की छतापर्यंतची उंची, दोन्ही भिंतींपासूनचं अंतर आणि अस्तराच्या फळीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून पाठव. छताला भोक मात्र त्यानंतरच पाड.

तुझा,
श्रीरंग