रविवारी केळकर संग्रहालय: मुलांना घेऊन या

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी ठीक १० वाजता पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या दारात जमायचं आहे. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. अडकित्ते, दिवे, वाद्यं, सगळं घरोघरी वापरातलं!

मागच्या खेपेला एक मुलगी पितळी वज्रीपाशी अडूनच बसली. "पाय घासायच्या वस्तूवर पक्षी कशाला?" असे प्रश्न मुलांना पडावेत, यासाठीच ही भेट. उत्तरं द्यायची घाई कृपया करू नका.

• वही-पेन्सिल आणा. आवडलेल्या एकाच वस्तूचं चित्र काढायचं.
• काचेला हात लावू नये.
• तिकीट ज्याचं त्याने काढावं.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा.