बाळाची गुळणी आणि फळीवरचे ड्रॉप्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विट्यात माझं औषधांचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. आधी स्वतःची चूक सांगतो. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. नात तीन महिन्यांची. दूध पिऊन झालं की खांद्यावर भळकन दही टाकायची. घरात ओव्याचा शेक, वावडिंगाचं पाणी असं सगळं सुरू होतं. मी फळीवरचे डॉम्पेरिडोनचे, म्हणजे उलटी थांबवायच्या औषधाचे, ड्रॉप्स काढले आणि कुणाला न विचारता दहा दिवस पाजले. ज्या बाटलीवर लाल रेघ आहे, जी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असं मी गिऱ्हाइकाला सांगायला हवं, तीच बाटली. गुळण्या तेवढ्याच राहिल्या.

शेवटी सांगलीला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वजन केलं, लघवी किती वेळा होते, उलटी हिरवी होते का, रक्त दिसतं का, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "काका, तुमचे शर्ट खराब होतायत. पोरीचं काही बिघडलेलं नाही." अन्ननलिकेच्या खालची झडप या वयात सैल असते, बाळ दिवसभर आडवं, आणि पोटात नुसतं पातळ दूध, म्हणून ते वर येतं. बहुतेकांचं वर्षभरात आपोआप थांबतं. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, निजवताना मात्र पाठीवरच. औषध काही नाही. खरं सांगतो, फी देताना जरा चुटपुट लागली.

पण घरी येऊन वाचत बसलो. आम्ल कमी करणारं औषध दूध वर येणं थांबवत नाही, वर येणाऱ्या दुधाचा आंबटपणा तेवढा घालवतं. 2009 साली एका चाचणीचे निष्कर्ष आले. 162 तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना लान्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध, निम्म्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण. दोन्हीकडे 54 टक्के बाळांना बरं वाटलं. गंभीर त्रास मात्र खरं औषध घेणाऱ्यांत जास्त, त्यातही छातीचे संसर्ग. डॉम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. युरोपात 12 वर्षांखालच्या मुलांसाठीची त्याची मान्यता काढून घेतली आहे. रॅनिटिडिन हे आम्लाचं जुनं औषधही 2022 साली आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून गेलं. सगळं माझ्याच धंद्यातलं, आणि माझ्या कानावर आलं नव्हतं असंही नाही.

ही औषधं वाईट आहेत असं मात्र कुणी समजू नये. अन्ननलिकेला खरोखर जखम झालेली मुलं, जन्मतः अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेली मुलं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं) असलेली मुलं यांना ती लागतात, कधी कधी बराच काळ. आमच्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा. छातीत जळजळ, रात्री खोकला. त्याला डॉक्टरांनी सहा आठवडे ओमेप्राझोल, हेही आम्ल कमी करणारंच औषध, दिलं होतं. आई कॅप्सूल फोडून आतले दाणे खलबत्त्यात कुटायची आणि जेवणानंतर द्यायची. त्या दाण्यांवर आवरण असतं ते पोटातल्या आम्लात औषध नासू नये म्हणून. कुटलं की संपलं. अख्खे दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात, न चावता, जेवणाआधी अर्धा तास असं समजावल्यावर फरक पडला. हे सांगायला काउंटरवर दोन मिनिटं लागली, आणि ती दोन मिनिटं आम्ही देत नाही.

माझी खरी तक्रार चिठ्ठीबद्दल आहे. मोठ्या भावंडाची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन आया येतात, "तेच पांढरे ड्रॉप्स द्या" म्हणतात, आणि ते मिळतात. बाळाचा डोस वजनावर ठरतो, पण चिठ्ठीवर वजन नसतं. किती दिवस द्यायचं तेही नसतं, म्हणून बाटली संपली की दुसरी. डॉक्टरांनी बाळाचं वजन आणि औषध बंद करायची तारीख या दोन गोष्टी लिहिल्या, तर जुनी चिठ्ठी परत करताना आम्हालाही बोट ठेवायला जागा मिळेल.

— एक औषधविक्रेता, विटा (जि. सांगली)