पाककृतीतल्या वाटीला ग्रॅमची जोड हवी

महोदय,

दिवाळीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून फराळाच्या पाककृती येऊ लागतात. त्या छापताना साहित्याच्या मापांकडे अधिक लक्ष द्यावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मी एका जुन्या कात्रणावरून अनारसे केले. त्यात तांदूळ अर्धा किलो सांगितले होते आणि गूळ मात्र तीन वाट्या. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, पंचावर पसरून आणि ओलसर असतानाच दळून चाळून घेतले होते; त्यात कसर नव्हती. गूळ मी किसून वाटीत दाबून भरला आणि पहिलाच घाणा तुपात सोडताच अनारसे हसले, म्हणजे पसरून फुटले. नंतर तीच वाटी वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा उलगडा झाला. सैलसर भरलेला आणि दाबून भरलेला गूळ यांच्या वजनात एका वाटीमागे चाळीस ग्रॅमहून अधिक फरक पडत होता. तीन वाट्यांना तो सव्वाशे ग्रॅमच्या घरात गेला, आणि अनारशाच्या पिठाला एवढा जास्तीचा गूळ सोसत नाही.

वाटी हे माप मुळात वाईट नाही. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर ती लहान असो वा मोठी, त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण टिकते, आणि म्हणूनच वाटीने रवा-साखर मोजणाऱ्या आपल्या आया-आज्यांचा शिरा बिघडत नसे. घोळ होतो तो एक जिन्नस वजनावर आणि दुसरा मापावर सांगितल्यामुळे. शेराची दोन मापटी आणि मापट्याची दोन चिपटी मोजणाऱ्या जुन्या माणसांना माप शीग लावून भरायचे की सपाट, हेही ठरवून घ्यावे लागे. आजच्या पाककृतीत तेवढाही खुलासा नसतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे ‘एक कप म्हणजे २५० ग्रॅम’ हे सरसकट दिले जाणारे कोष्टक. ते २५० मिलिलिटरच्या कपातल्या पाण्याला लागू पडते, दुधालाही जवळपास चालते, पण कोरड्या जिन्नसांना नाही. २४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते, तर हलक्या हाताने भरलेला मैदा १२० ते १३० ग्रॅमच. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर तेलाच्या अनेक पिशव्यांवर ९१० ग्रॅम हे वजनही छापलेले असते, ते याचमुळे. परदेशी पाककृती मराठीत आणताना तर कप कुठला, हेही पाहायला हवे, कारण अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा आणि ऑस्ट्रेलियातला २५० मिलिलिटरचा आहे. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचाही आपण धरतो तसा १५ मिलिलिटरचा नसून २० मिलिलिटरचा असतो.

आम्ही सांगलीकर गूळ घेतो तो किलोवर किंवा अख्खा रवाच, म्हणजे ढेपच; वाटीच्या मापाने तो पेठेत कुणी देत नाही. घरात मात्र त्याच गुळाच्या वाट्या मोजायच्या आणि त्या किती भरतील याचा अंदाज दुकानात उभे राहून बांधायचा, ही कसरत वाचकाला करायला लावू नये.

म्हणून विनंती अशी की, पाककृतीच्या आरंभी वाटी किती मिलिलिटरची धरली आहे ते एका ओळीत सांगावे आणि प्रत्येक कोरड्या जिन्नसापुढे वाटीबरोबर ग्रॅमही द्यावेत. हे ग्रॅम गुणाकाराने काढलेले नसावेत, तर पाककृती पाठवणाऱ्याने प्रत्यक्ष वजन करून लिहिलेले असावेत. सगळ्याच पदार्थांना हे जमणार नसेल, तर निदान अनारसे, पाकातले लाडू आणि चकलीच्या भाजणीतले मोहन यांच्यापुरते तरी ते यंदाच्या दिवाळीआधी सुरू व्हावे.

आपली,
एक वाचक, सांगली