दारावर फुली मारून गेलेल्या आशाताईंना

आशाताई,

हे पत्र तुमच्या हातातच द्यायला हवं होतं. तुमचं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. पण समोर उभा राहून आभाराचं काही बोलायला गेलो की तुम्ही "जाऊ द्या ना जी गुरुजी" म्हणून विषय बदलता. म्हणून असं जाहीर लिहितोय. ‘आशा’ हे तुमचं गावातलं आरोग्याचं काम, तुमचं खरं नाव घालत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही घालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं एक गाव आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक मास्तर, एवढं पुरे.

माझं दुखणं मुंग्यांपासून सुरू झालं. उजवा पाय, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगापासून खाली पावलाच्या वरच्या भागापर्यंत. आधी वाटलं, दिवसभर फळ्यापुढे उभं राहून होत असेल. मग रात्री आग व्हायला लागली, आणि मध्येच करंट लागावा तशी कळ. साखर तपासली, ठीक. थायरॉइड ठीक. बी-१२ काठावर निघालं म्हणून इंजेक्शनं घेतली, फरक पडला नाही. शेवटी कमरेचा एमआरआय झाला. त्यात गादी जराशी सरकलेली दिसली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही. कारण सापडलं ना! कमरेला पट्टा आला, वजन लावून ओढणं झालं, व्यायाम झाले. माझ्या वयाला एवढी सरकलेली गादी कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये दिसते आणि त्यांना काडीचा त्रास नसतो, हे मला फार उशिरा कळलं. माझी तर कंबर दुखतच नव्हती. ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. पायाला मुंग्या म्हटल्यावर आधी साखर, बी-१२ आणि कंबर बघायचीच असते. पण त्या आठ महिन्यांत पँट वर करून माझी पोटरी मागून कोणी पाहिली नव्हती. तिथे एक फिकट, तांबूस चट्टा होता. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून त्याची आठवण राहण्याचंही कारण नव्हतं. बायकोला एकदा दिसला, तिने गजकर्ण समजून मलम लावलं. झालं.

मग एके दिवशी शाळेतून घरी आलो तर उजव्या पायात चप्पल नव्हती. पोरगा उलट पावली गेला आणि किराणा दुकानापुढून घेऊन आला. म्हणजे तिथून घरापर्यंत मी एका पायाने अनवाणी चालत आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. घरात सगळे हसले. मास्तरांचं लक्ष कुठे असतं म्हणून.

त्याच आठवड्यात तुम्ही दारात आलात. सोबत एक कॉलेजातला पोरगा, खांद्यावर पिशवी, हातात रजिस्टर. कुष्ठरोग शोध मोहीम म्हणालात. मी काय उत्तर दिलं ते तुम्ही विसरला असाल तर बरं, पण मी विसरलेलो नाही. "आमच्याकडे तसलं काही नाही, शिकलेलं घर आहे." तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दाराच्या चौकटीवर खडूने फुली मारलीत आणि पुढच्या घरी गेलात. घर तपासायचं राहिलं, अशी ती खूण. जन्मभर खडू हातात धरला मी, पण तो असा माझ्याच दारावर चालेल असं वाटलं नव्हतं. ओल्या फडक्याने मी ती पुसली.

दोन दिवसांनी तुम्ही परत आलात, ते तुमच्या नियमातच असेल. पण त्या वेळी चप्पल काढताना मी भिंतीला धरलं, ते तुमच्या नजरेने टिपलं, हे कुठल्या नियमात बसतं? "काहून जी गुरुजी, पाय जड पडते का?" एवढंच विचारलंत. मी बसलो. पुरुषांना त्या पोराने तपासायचं आणि तुम्ही बाईमाणसांना, असा कायदा. म्हणून तुम्ही पाठ करून बसलात आणि तिथूनच त्याला सांगत राहिलात. डोळे मिटायला लावले. पेनाचं टोक कुठे टेकतं ते बोटाने दाखवा म्हणाला. मी दाखवत गेलो. गुडघा, मांडी, डावा पाय. मग बराच वेळ तो काही करेना म्हणून मी डोळे उघडले, तर पेन माझ्या पोटरीच्या चट्ट्यावर टेकवलेलंच होतं.

ज्यासाठी आठ महिने फिरलो ते तिथे, त्या बॉलपेनाच्या टोकाखाली होतं.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तुम्ही सोबत आलात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गुडघ्याच्या बाहेर, हाडाला वळसा घालून जाणारी नस चाचपली. ती सुतळीसारखी जाड झाली होती आणि दाबली तर कळ मस्तकात जात होती. कोपराजवळचीही जाड निघाली, जिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. कुष्ठरोगच होता. या रोगाचे जंतू शरीरातल्या थंड जागी, कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत राहतात, आणि इतके सावकाश वाढतात की लक्षणं दिसायला वर्षं जातात. मला कुठून लागला याचा शोध घेण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. अजून थोडे महिने गेले असते तर पाऊल लुळं पडलं असतं, हेही म्हणाले.

बारा महिन्यांच्या गोळ्या लागल्या, सगळ्या फुकट. शिवाय नसेची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड, हळूहळू कमी करत. पहिल्या पाकिटानंतर लघवी लाल झाली तेव्हा मी रात्री नऊला तुम्हाला फोन केला. तुम्ही हसून म्हणालात, "गोळीचा रंग आहे जी, घाबरू नका." चेहरा काळवंडला तेव्हाही हेच, तोही गोळीचाच. मी आपण होऊन ताट, पेला आणि टॉवेल वेगळा काढला होता. तुम्ही ते रॅकवर बघितलं आणि माझ्याशी न बोलता बायकोला म्हणालात, "औषध सुरू झाल्यावर गुरुजींपासून कोणाला लागत नाही. तुम्हाला न् पोरांना लागू नये म्हणून रिफॅम्पिसिनची गोळीबी देऊन झाली. मग हे ताट कोणासाठी?" त्या रात्री ताट मांडणीत परत गेलं.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच. आमच्या गल्लीला आजपर्यंत कळलेलं नाही. तुम्ही दर महिन्याला यायच्या तेव्हा हातात लसीकरणाचं रजिस्टर असायचं. आमच्या घरात लसीचं पोर नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही की तुम्ही येऊ दिलं नाही, देव जाणे.

माझा उपचार पुरा केल्याचे सरकार तुम्हाला ६०० रुपये देतं, असं तुमच्याच तोंडून ऐकलं. तेही वेळेवर मिळत नाहीत म्हणालात. माझ्या एमआरआयला याच्या दहापट गेले होते. यावर काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

आता आग थांबली आहे. मुंग्या क्वचित येतात. पोटरीच्या तेवढ्या तुकड्यावर आणि पावलाच्या वर स्पर्श पुरता परतलेला नाही, कदाचित परतणारही नाही. रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवतो, पाणी किती गरम ते आधी कोपराने बघतो, मग तेल लावतो आणि बॅटरी घेऊन कुठे खरचटलं का ते पाहतो. चपलेला मागून पट्टा आहे, निसटत नाही.

परवा बायकोकडून कळलं, पुढच्या मोहिमेला तुमच्यासोबत यायला पुरुष स्वयंसेवक मिळत नाही. कॉलेजचा पोरगा पुण्याला गेला. शाळा भरायच्या आधी, सकाळी सात ते साडेनऊ मी मोकळा असतो. रजिस्टर तुम्ही धरा. खडू मी आणतो.

तुमचा,
गुरुजी