फॅमिली डॉक्टर म्हणजे नुसती जुनी आठवण नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ मे हा जागतिक फॅमिली डॉक्टर दिन, त्यानिमित्त तुमच्या पेपरात आलेला लेख वाचला. लिहिलाय चांगला, पण सगळा स्कूटर, काळी बॅग आणि 'आता तसे डॉक्टर राहिले नाहीत' यातच संपला. मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ३१ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात एक बाई नातवाला घेऊन आल्या, सर्दी-ताप होता. पोराला तपासलं, औषध लिहून दिलं, त्या उठल्या, दारात चपला घालता घालता मागे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, आलेच आहे तर सांगते, छातीत गाठ लागतीय हाताला, दुखत बिखत नाही." कधीपासून म्हटलं तर दिवाळीपासून. म्हणजे सहा महिने ही बाई गाठ घेऊन स्वयंपाक करतीय, शेतात जातीय आणि घरात कुणाला पत्ता नाही. त्यांच्या सासूबाईंचं शेवटचं दुखणं मी घरी जाऊन बघितलेलं, मुलाला लहानपणी फिट यायच्या तेव्हा रात्री-अपरात्री तो माझ्याच टेबलावर असायचा, म्हणून ते दारातलं वाक्य मला ऐकायला मिळालं. पुढचं ऑपरेशन सर्जनने केलं, ते माझं कामच नाही. पण ती गाठ सर्जनपर्यंत पोचवणं हे माझं काम आहे, आणि ते स्कूटर-बॅगेने होत नाही, ते शिकावं लागतं.

आणि शिकवतं कोण? माझ्या एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत आम्हाला शिकवणारा एकही जनरल प्रॅक्टिशनर नव्हता. मला जी काय अक्कल आली ती नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला. इंटर्न असताना १९९२ साली दोन दिवस गेलो होतो.

तुमच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल देव जाणे, म्हणून थोडं सांगतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले, नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काम केलं. तिथं त्यांच्या लक्षात आलं की तीच माणसं, तेच जुलाब, तेच बाळंतपणातले त्रास परत परत येतात, हॉस्पिटल भरलेलं आणि गाव आहे तसंच आजारी. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकले, आणि तिथं राहायचं सोडून १९७० ला जामखेडला आले. लगेच ७२ चा दुष्काळ, लोक म्हणाले आधी पाणी द्या, औषध नंतर, तर यांनी पाण्याचं आणि खाण्याचं काम हातात घेतलं. गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यातल्या बऱ्याच निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. सुरुवातीला तिथं हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावायची, दोन-अडीच दशकांत तो आकडा विशीच्या आसपास आला.

मी ज्या गावात गेलो तिथल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. एका घरात पोराला जुलाब होत होते. मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून सलाईनचा विचार करत उभा, आणि त्यांनी त्या आईलाच पाणी आणायला लावलं, साखर आणि चिमूटभर मीठ तिच्याच हाताने टाकायला लावलं, मग चाखून बघ म्हणाल्या, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून दे. बाहेर आल्यावर मी विचारलं की तुम्हीच का नाही करून दिलं, पटकन झालं असतं. तर म्हणाल्या, "रातीला दोन वाजता मी थोडीच असते तिथं." अख्ख्या एमबीबीएसमध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आजही प्रत्येक आईला मी तसंच करायला लावतो.

आता आमच्याकडे येणारी नवी पोरं ग्लोबल हेल्थ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे जिनिव्हा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालय असतं. अहो, जिनिव्हावाले जामखेडकडे बघत होते! १९७५ ला जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या अशा कामांवर पुस्तक काढलं त्यात जामखेडवर प्रकरण आहे, १९७८ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटाला १३४ देशांनी प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मान्य केला त्याच्यामागे ज्या कामांचा अनुभव होता त्यातलं हे एक, आणि १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. आज आशाताई आपल्याला इतक्या सवयीच्या झाल्यात, पण २००५ ला ती योजना आली त्याच्या कितीतरी आधी गावातल्याच बाईने गावाचं आरोग्य सांभाळायचं हे जामखेडला चालू होतं. मेबलबाई १९९९ ला गेल्या, डॉ. आरोळे २०११ ला.

आणि आपण काय केलं? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात एमडी फॅमिली मेडिसिनसारखे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकीचंच पुढचं शिक्षण देणारे कोर्स वाढवा असं छापून आलंय. माझ्या पुतण्याला पीजीचं विचारलं तर रेडिओलॉजी, डर्मा, नाहीतर रिपीट करतो म्हणाला. मी त्याला दोष देत नाही, फॅमिली मेडिसिन करून तालुक्याला बसला तर त्याला पोस्ट काय मिळणार, पगार काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते सरकारने द्यायचंय, आणि तुम्ही पेपरवाल्यांनी विचारायचंय. सरकारी मेडिकल कॉलेजात याच्या किती जागा आहेत, शिकवायला प्रत्यक्ष प्रॅक्टिस केलेली माणसं आहेत का, ग्रामीण रुग्णालयात फॅमिली फिजिशियन म्हणून वेगळं पद का नाही, एवढं जरी खणून छापलंत तरी पुढच्या १९ मेला आम्हाला वाचायला काहीतरी असेल.

अजून एक विनंती. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बायका आता खूप थकल्या असतील, काही राहिल्याही नसतील. तुमचा एखादा वार्ताहर दोन दिवस तिकडे पाठवा, डॉक्टरांची मुलाखत नंतर घ्या, आधी त्यांच्यातल्या कुणाच्या तरी ओट्यावर बसून त्या काय सांगतात ते लिहून घ्या. लवकर पाठवा.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर, जि. बीड