टेपर लोकांना चोर म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पायरसीवर लेख आला होता, बाकीचं सगळं पटलं, पण त्यात एका ओळीत कॉन्सर्ट रेकॉर्ड करून एकमेकांना देणाऱ्या फॅन लोकांनाही (यांनाच टेपर म्हणतात) चोरांच्या रांगेत नेऊन बसवलंय ते अजिबात पटलं नाही. थिएटरमधे सिनेमा शूट करून विकणारा चोरच, त्यावर वाद नाही. पण अमेरिकेत जॅम बँड म्हणतात, म्हणजे स्टेजवर ऐन वेळी सुचेल तसं गाणं लांबवत वाजवणारे, त्या प्रकारच्या बँडच्या फॅन लोकांनी गेली पन्नासेक वर्षं जे करून ठेवलंय ते याच्या बरोबर उलट आहे, आणि ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे लांबलचक पत्र लिहितोय, जागा असेल तर प्लीज पूर्ण छापा.

मी बोलतोय ते मुख्यतः ग्रेटफुल डेड या बँडबद्दल. १९६५ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला सुरू झाला आणि ऑगस्ट १९९५ मधे गिटारिस्ट जेरी गार्सिया गेला तेव्हा थांबला. तीस वर्षांत सुमारे २,३०० कॉन्सर्ट. आता या लोकांची गंमत अशी की आज काय वाजवणार ते आधी ठरलेलं नसायचं, लागोपाठ दोन रात्री ऐकल्या तर गाणी वेगळी, आणि तेच गाणं आलं तरी ते वेगळ्या वाटेने जायचं. डार्क स्टार नावाचं त्यांचं गाणं घ्या, १९६८ ची स्टुडिओतली रेकॉर्ड तीन मिनिटांच्या आत संपते आणि तेच गाणं १९७२ च्या ऑगस्टमधे ऑरेगनला व्हेनिटा गावी भर उन्हात वाजवलं तेव्हा अर्ध्या तासाच्या वर चाललं. ज्यांनी एकाच गायकाचा एकच राग वेगवेगळ्या मैफलीत ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. म्हणजे दुकानात मिळणारी रेकॉर्ड हे या बँडचं खरं काम नव्हतंच, खरं काम रोज रात्री व्हायचं आणि तिथेच हवेत विरून जायचं. कोणीतरी ते धरून ठेवणं भाग होतं.

ते फॅन लोकांनी केलं. सुरुवातीला चोरून, हे मान्य. माइक कपड्यात लपवायचा, रेकॉर्डिंगचा डेक पिशवीच्या तळाशी, पकडले गेले तर टेप जायची, बँडच्या क्रूने केबल कापल्याचेही किस्से सांगतात. पण १९७१ च्या सुमारास न्यूयॉर्कमधे काही पोरांनी टेप अदलाबदलीचा क्लबच काढला आणि नावातच टाकलं की हे फुकट आहे. तिथून पुढे जो नियम झाला तो आजपर्यंत टिकलाय: पैसे घ्यायचे नाहीत. अदलाबदल करा, आणि समोरच्याकडे द्यायला काहीच नसेल तर त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं, तुम्ही कॉपी करून परत पाठवायची, बस. याला ते ब्लँक्स अँड पोस्टेज म्हणायचे. नवीन आलेल्या पोराला कोणीतरी अनोळखी माणूस असं करून द्यायचा आणि तो पोरगा पुढे दुसऱ्याला. जो विकायचा त्याला कोणी उभं करायचं नाही, पोलिसात देण्यापेक्षा ही शिक्षा मोठी होती कारण एकदा नाव खराब झालं की चांगल्या टेप यायच्या बंद.

बँडने यावर काय केलं ते सगळ्यात महत्त्वाचं. गार्सियाचं म्हणणं साधारण असं असायचं की आमचं वाजवून झालं, आता ते त्यांचं. ८० च्या दशकात माइकच्या काठ्या इतक्या वाढल्या की साउंडबोर्डसमोर, म्हणजे आवाज जुळवायच्या मिक्सरसमोर, जंगल उभं राहायचं, मागच्या लोकांना स्टेज दिसेना आणि मिक्सरवर बसलेल्या साउंड इंजिनिअरलाही त्रास व्हायला लागला. दुसरा कोणी असता तर सरळ बंदी घातली असती. यांनी ऑक्टोबर १९८४ मधे बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरमधे टेपर लोकांसाठी वेगळी जागा काढली, साउंडबोर्डच्या मागे, आणि त्याची वेगळी तिकिटं विकायला लागले! म्हणजे माइक घेऊन या, उघडपणे लावा, फक्त मागे बसा. एका निर्णयात भांडण मिटलं, आणि टेप्सचा दर्जाही सुधारला कारण लपवायचं नाही म्हटल्यावर लोक चांगले माइक आणि उंच स्टँड आणायला लागले. माझ्या मते संगीताच्या धंद्यात इतका शहाणा निर्णय क्वचितच कोणी घेतला असेल.

आणि नुकसान झालं का? या बँडचं एकच गाणं अमेरिकेच्या टॉप टेनमधे गेलं, तेही १९८७ साली, बँड सुरू होऊन बावीस वर्षांनी. तरीही ९० च्या सुरुवातीला देशात सगळ्यात जास्त कमावणाऱ्या टूर्समधे त्यांची टूर असायची. टेप ऐकूनच पोरं पुढच्या कॉन्सर्टची तिकिटं काढत होती, मोठ्या जाहिरातीची गरजच नव्हती. नंतर व्हरमाँटच्या फिश या बँडनेही हेच धोरण घेतलं, टेपर तिकिटं ठेवली, आणि स्वतःच्या कॉन्सर्टचं अधिकृत रेकॉर्डिंगही विकतात, दोन्ही बरोबर चालतं.

आता लेखात ज्याला नुसतं कॉपी करणं म्हटलंय त्यात काळजी किती असते ते जरा सांगतो, कारण मला यातलं सगळ्यात जास्त प्रेम याच भागाचं आहे. कॅसेटच्या जमान्यात प्रत्येक कॉपीला आवाज थोडा घसरायचा, सूंऽऽ असा हिस वाढायचा, वरचे सूर बोथट व्हायचे. म्हणून कोणत्याही टेपबद्दल पहिला प्रश्न हाच असायचा की ही कितव्या जनरेशनची? मूळ टेप म्हणजे मास्टर, तिची कॉपी पहिली जनरेशन, असं पुढे. मग टेप ट्री काढायचे, मास्टरवाला चार-पाच जणांना देणार, ते प्रत्येकी अजून चार-पाच जणांना, म्हणजे शंभर लोकांपर्यंत पोचूनही तिसऱ्या जनरेशनच्या पुढे जायला नको. साधारण एका सेटला (कॉन्सर्टच्या एका भागाला) नव्वद मिनिटांची एक कॅसेट लागायची, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पलटायची, आणि ती नेमकी रंगात आलेल्या जॅमच्या मधे यायची, तेव्हा जो टेपर दोन गाण्यांमधल्या ट्यूनिंगमधे पटकन पलटवायचा त्याची टेप लोक मुद्दाम मागून घ्यायचे. कार्डावर तारीख, हॉल, गाव, गाण्यांचा क्रम, माइक कुठला, डेक कुठला, कुठे बसून घेतलं, सगळं लिहायचं. आज फाइलबरोबर एक टेक्स्ट फाइल फिरते, तिच्यात माइकपासून तुमच्या कॉम्प्युटरपर्यंतचा पूर्ण प्रवास लिहिलेला असतो आणि ती काढून टाकणं हा मोठा अपराध समजतात. एमपी३ करून ऐका पण पुढे द्यायचं ते फ्लॅकच, कारण या प्रकारच्या फाइलमधे मूळ आवाजातलं काही गळत नाही, आणि एमपी३ चं परत फ्लॅक करून कोणाला चिकटवायचं नाही. आपल्याकडच्या किती सरकारी दप्तरांत एवढी नोंद असते?

साउंडबोर्ड टेप म्हणजे मिक्सरमधून थेट काढलेली, ती स्वच्छ असते पण कोरडी असते. ऑडियन्स टेपमधे हॉल ऐकू येतो, गाणं ओळखू आल्यावर हजारो लोकांचा एकदम उठलेला आवाज ऐकू येतो. काही जण दोन्ही जुळवून मॅट्रिक्स करतात. मला स्वतःला चांगली ऑडियन्स टेप जास्त आवडते, यावर लोक तासन्‌तास भांडतात आणि भांडू देत.

या सगळ्याचा फायदा पुढे कोणाला झाला, तर बँडलाच, आणि देशालाही. बेटी कँटर-जॅक्सन नावाच्या बाई बँडच्या रेकॉर्डिंग इंजिनिअर होत्या, ७० च्या दशकात त्यांनी घेतलेली रेकॉर्डिंग इतकी सुंदर आहेत की लोक त्यांना बेटी बोर्ड्स म्हणतात. बाईंवर वाईट दिवस आले, सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ साली त्या टेप्सचा चक्क लिलाव झाला. बँडने नाही घेतल्या. ज्यांच्या हाती पडल्या त्यांच्यातले काही फॅन होते म्हणून त्या कचऱ्यात न जाता कॉपी होऊन देशभर फिरल्या. त्यातलीच एक म्हणजे ८ मे १९७७, कॉर्नेल युनिव्हर्सिटी, बार्टन हॉल. ही काही फॅनने घेतलेली टेप नाही, पण ती घराघरात पोचवली ती याच अदलाबदलीच्या साखळीने, आणि पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत घेतली, २०११ च्या यादीत आहे. बँडने अधिकृतपणे ती कधी काढली? २०१७ साली, चाळीस वर्षांनी. तोपर्यंत लोकांनी ती पाठ केली होती, तरीही बॉक्स सेट विकत घेतला. बँडची स्वतःची टेपची तिजोरी सांभाळायला ठेवलेला माणूस, डिक लाटवाला, तो मुळात हवाईत राहून टेप जमवणारा वेडा फॅन होता, कुठली रात्र भारी होती ते त्याला बँडपेक्षा जास्त माहीत होतं, आणि १९९३ पासून त्याने निवडलेल्या कॉन्सर्टच्या सीडी त्याच्याच नावाने निघाल्या. चोराच्या हातात कोणी तिजोरीची किल्ली देतं का?

भांडणं झालीच नाहीत असं नाही. इंटरनेट आर्काइव्हवर २००२ पासून लाइव्ह कॉन्सर्टचा मोठा साठा आहे, फक्त ज्या बँडची परवानगी आहे त्यांचाच, आणि नोव्हेंबर २००५ मधे ग्रेटफुल डेडच्या बाजूने सांगणं आलं म्हणून तिथले त्यांचे डाउनलोड एकदम बंद झाले. लोक भयंकर चिडले, बॉयकॉटची भाषा सुरू झाली, बँडचा बेसिस्ट फिल लेश यानेही जाहीर लिहिलं की मला हे आधी माहीत नव्हतं. थोड्याच दिवसांत तोडगा निघाला, फॅन लोकांनी घेतलेली रेकॉर्डिंग डाउनलोड करता येतील आणि साउंडबोर्ड फक्त ऐकता येतील. मला हा तोडगा न्याय्य वाटतो, बँडचं ते बँडचं आणि प्रेक्षकांचं ते प्रेक्षकांचं.

कोणी म्हणेल अमेरिकेतल्या बँडशी आपल्याला काय घेणंदेणं. तर याच बँडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडून शिकला, आणि माहीमला वाढलेले आपले झाकीरभाई तिकडे गेल्यावर याच मंडळींत रमले. १९७६ ची डिगा रिदम बँडची रेकॉर्ड त्या दोघांची, त्यात गार्सियाने गिटार वाजवलीय, आणि पुढे १९९१ च्या प्लॅनेट ड्रमला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मधे गेले, त्यानंतर किती जण मोबाईलवरचे धूसर तुकडे एकमेकांना पाठवत होते ते मी पाहिलंय. कुठल्या गावचं, कुठल्या साली, साथीला कोण, काही पत्ता नाही. इतक्या मोठ्या माणसाच्या मैफलींची नोंद अशी असावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आपल्या पेपरमार्फत आयोजकांना विनंती आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात, गोव्यात एवढे महोत्सव होतात, जे कलाकार हो म्हणतील त्यांच्या कार्यक्रमाला साउंडबोर्डच्या मागे दहा-बारा खुर्च्या रेकॉर्डिंगवाल्यांसाठी ठेवून बघा. अट हीच की विकायचं नाही, नोंद पूर्ण ठेवायची आणि एक कॉपी कलाकाराला द्यायची. कलाकार नको म्हणाला तर माइक बॅगेतच राहील, विषय संपला.

आणि ७०-८० च्या दशकात शिकायला अमेरिकेला गेलेली बरीच मराठी मंडळी आपला पेपर ऑनलाइन वाचतात, त्यांच्यापैकी कोणाच्या बेसमेंटमधे कॉलेजच्या दिवसातल्या अशा कॅसेट पडल्या असतील तर कृपा करून टाकून देऊ नका. आधी कव्हरवरच्या अक्षरांचा फोटो काढा, मग चांगल्या डेकवर वाजवून फ्लॅकमधे घ्या, कॅसेट डॉल्बी (हिस कमी करायची डेकवरची सोय) लावून घेतलेली नसेल तर वाजवताना डॉल्बी बंद ठेवा नाहीतर वरचे सूर जातील, आणि आवाज स्वच्छ करायच्या नादाला तुम्ही लागू नका, ते करणारे लोक आहेत, त्यांना जशीच्या तशी फाइल लागते.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक