घर तुझ्या नावावर आहे म्हणून

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर वकिलांचं म्हणणं सांगितलंस. फ्लॅट तुझ्या एकट्याच्या नावावर, कर्जही तुझंच, म्हणून घटस्फोटात सूनबाईला त्यात काही मागता येणार नाही. बाबा शेजारीच बसले होते, त्यांच्यासमोर वाद नको म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते.

वकील चुकीचं सांगत नाहीत. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटानंतर निम्मं-निम्मं असा हिशोबच नाही. 27 व्या कलमात आहे ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. बाकी कागद ज्याच्या नावावर, वस्तू त्याची. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण लोकसभेत ते अडकलं आणि बारगळलं. माझं माहेर म्हापशाचं, त्यामुळे मला हे पहिल्यापासून विचित्रच वाटत आलंय. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं की कायदा बदलतो. तिथे पोर्तुगिजांची 1867 ची दिवाणी संहिता. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायको सगळ्याचे निम्मे-निम्मे मालक. तुझ्या मामाने भाटातला, म्हणजे माडांच्या बागेतला, तुकडा विकला तेव्हा जमीन आजोबांकडून आलेली होती, तरी मामीची सही झाल्याशिवाय खरेदीखत हललं नाही. मामी त्या दिवशी कशी ऐटीत बसली होती, ते तूही पाहिलंयस!

तुझा फ्लॅट पुण्यात आहे, म्हापशात नाही, हे मलाही कळतं. पण कागदाचंच बोलायचं तर माझं अख्खं आयुष्य पतसंस्थेत कागद वाचण्यात गेलं. दर महिन्याला तुझ्या पगारातून हप्ता जात होता, तो कशाच्या जोरावर? किराणा, वीजबिल, छकुलीची फी, कामवाल्या मावशींचा पगार, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं तिच्या खात्यातून जात होतं म्हणून. तुझे पैसे भिंतीत गेले, ते दिसतात. तिचे खाण्यापिण्यात आणि औषधपाण्यात संपले, त्यांची कुणी पावती ठेवत नाही. एक नोंद मात्र आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची रक्कम तिने स्वतःची एफडी मोडून भरली होती. खातेउतारा काढलास तर सापडेल. आणि उद्या पोटगीचा प्रश्न कोर्टात गेलाच, तर दोघांनाही मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागतात. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवून दिलंय. तेव्हा 'तिचं काय आहे त्यात' हे वाक्य तिथे बोलू नकोस. माझ्यासमोर तर नकोच.

म्हणून माझं मत ऐक. फ्लॅटची आजची किंमत काढ, त्यातून बाकी कर्ज वजा कर, उरेल त्यातलं निम्मं तिला दे. कायदा सांगत नाही, मी सांगतेय. एकदम जमत नसेल तर टप्प्याने दे, पण तारखा संमतीच्या अटींमध्ये लिहून. परस्परसंमतीने अर्ज करणार आहात, तर हे सगळं त्यातच बसतं. एकरकमी दिलेल्या पैशावर तिला साधारणपणे प्राप्तिकर लागत नाही, महिन्याच्या पोटगीवर लागतो, हेही वकिलांना विचारून घे. तू म्हणशील, आई सुनेची बाजू घेते. घेते.

छकुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं तिचं आहे. ते तुमच्या कुणाच्याच हिशोबात धरायचं नाही. पीएफ आणि विम्यावरची नॉमिनीची नावं मात्र दोघांनी आठवणीने बघा. घटस्फोट झाला म्हणून ती आपोआप बदलत नाहीत.

आता दागिने. ते कुडाळला माझ्या लॉकरमध्ये आहेत आणि ते तिचं स्त्रीधन आहे. प्रतिभा राणी खटल्यात 1985 मध्येच न्यायालयाने सांगितलंय की त्यावर हक्क फक्त बायकोचा, सासरच्यांनी ते अडवून ठेवलं तर तो गुन्हा. माहेरची मोहनमाळ, चार पाटल्या, तोडे, आणि आपण घातलेली ठुशी आणि गोठसुद्धा. गोठ घराण्यातले आहेत म्हणून आत्या कुरकुर करतेय. लग्नात तिच्या हातात घातले तेव्हाच ते तिचे झाले. मोहनमाळेचा फासा सैल झालाय आणि तिने त्याला लाल दोरा बांधलाय, तो तसाच राहू दे. दुरुस्तीला टाकायची नाही. वजनात गुंजभर फरक पडला तरी नंतर तोंडं वाकडी होतात. शनिवारी मी सगळं सोनाराकडे नेऊन तोलून घेते, यादी करते, आणि तिच्या बाबांना बोलावून त्यांच्या हातात देते. यादीवर त्यांची आणि माझी सही. एक प्रत तुला पाठवीन, वकिलांकडे दे.

तोवर तू दोन कामं कर. कर्जाचं ताजं स्टेटमेंट मला व्हॉट्सअॅपवर पाठव, आणि त्या एफडीचा उतारा काढ. शनिवारचं आत्याला कळवू नकोस, नाहीतर ती शुक्रवारीच येऊन बसेल.

तुझी,
आई